एकशेतीस-ऐंशी

सकाळपासून पंचेचाळीस पेशंट. डॉक्टर एक, कंपाउंडर एक. बाकं दोन, त्यांवर आठ माणसं, आणि अकरा उभी. नुकत्याच डॉक्टर झालेल्या अपेक्षाने दारातच मोजून घेतलं. डिलाईल रोडवरचा हा दवाखाना चालवायला घ्यायचा की नाही, ते तिला आज एक वाजेपर्यंत सांगायचं होतं. ती नाही म्हणाली तर महिनाअखेर कुलूप.

डॉक्टर वालावलकर शहात्तर वर्षांचे. कंपाउंडर अंबिकाताई चौसष्टच्या. पेशंट खुर्चीत बसला की ताई त्याच्यामागे उभ्या राहायच्या आणि त्याचं दुखणं खणखणीत आवाजात पुन्हा सांगायच्या.

"डॉक्टर, हिची पाळी दोन महिने चुकलीय!"

बाहेरची बाकं गप्प झाली. खुर्चीतल्या बाईने पदर ओढून घेतला. "ताई, आता चाळीत पेढेच वाटून ये."

गर्दी ओसरल्यावर अपेक्षाने केसपेपरांचा खण उघडला. पेपर खोली-नंबरप्रमाणे लावलेले. खोली चार, १३०/८०. खोली नऊमधली मधुमेही सासू, १३०/८०. तिचा मुलगा, १३०/८०. अपेक्षाने चाळीस पेपर काढले. दिवाळीपर्यंत आकडे वरखाली होत होते. दिवाळीनंतर चाळीसच्या चाळीस सारखे.

डॉक्टर आतल्या खोलीत चहा पीत होते. हळू बोलायची काही गरज नव्हती, तरी अपेक्षा हळूच बोलली.

"ताई, डॉक्टरांना कधीपासून ऐकू येत नाही?"

"दिवाळीपासून पारच गेलंय. बोलू नकोस हां कुठं, बाय. तुझ्याआधी तिघं येऊन गेले. एकाला नुसती जागा हवी होती. एकाला एसी. तिसरा म्हणाला, इथं शिकायला काय मिळणार? आता डॉक्टर बसले नाहीत तर ही माणसं जातील कुठं? समोरच्या टॉवरातल्या क्लिनिकला जायचं तर वॉचमनच आधी तपासतो."

"आणि बीपी कसं बघतात ते?"

"पाऱ्याकडे बघून. कान गेले, डोळे शाबूत आहेत." ताई हसल्या. "माझं दर सोमवारी बघतात. एकदम नॉर्मल. फेब्रुवारीत माझी गोळीसुद्धा बंद केली त्यांनी."

"मग सकाळपासून डोकं का दाबताय?"

"ते ओरडून ओरडून गं."

पारा डोळ्यांनी बघायचा असतो, पण ठोका कानांनीच ऐकावा लागतो. अपेक्षाने ताईंना पेशंटच्या खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि स्वतःचा स्टेथोस्कोप कानांना लावला.

"काय मग, डॉक्टरीणबाई?" आतून आवाज आला. "एक वाजला. काय ठरलं?"

"सांगते," ती म्हणाली. आत ऐकू गेलं नाही.

तिने फुगा दाबला, हवा हळूहळू सोडली. पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. मग अंबिकाताईंचा केसपेपर पुढे ओढला. एकाखाली एक, एकोणीस सोमवारांचे एकोणीस आकडे होते, १३०/८०. त्यांच्याखाली तिने आजची तारीख घातली आणि लिहिलं, २१८/१२४.