उलटं चिन्ह

"मुलगी फार बोलते" म्हणून जागृतीची आधीची दोन स्थळं मोडली होती. त्यामुळे आज सापगावच्या घरी पाहुणे यायच्या आधीच आत्याने तिला दम भरला होता, "मान खाली घालायची आनि विचारल्याबिगर तोंड उघडायचं नाय." मुलगा वैशाखरे गावचा, गणिताचा मास्तर होता.

जागृती पोह्यांचा ट्रे घेऊन ओटीवर आली, तर मास्तर तिच्या धाकट्या बहिणीला, नववीतल्या रंजिताला, असमीकरणांचा गृहपाठ शिकवत बसलेले. खाली घातलेल्या मानेनेच जागृतीने वहीत डोकावलं. मास्तरांनी दोन्ही बाजूंना उणे दोनने भागलं आणि मधलं 'पेक्षा लहान'चं चिन्ह होतं तसंच ठेवलं. तिने ओठ आवळले. पुढच्या गणितातही त्यांनी तेच केलं. तिसऱ्याला मात्र तिला राहवेना.

"अहो, उणेने भागलं का चिन्ह उलटं होतं. किती येळा चुकाल?"

आत्याने कपाळाला हात लावला. मास्तर तेवढे पोह्यांच्या बशीत बघत गालातल्या गालात हसत होते.

पाहुण्यांची जीप हलली तशी जागृती फणफणली, "आत्या, मला नाय पायजे असला मास्तर. साधं चिन्ह बदलता येत नाय त्याला."

हसून हसून रंजिताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.



"अगो ताई, तू आत होतीस तवा सगळी बरोबर सोडवली त्यांनी. मग मला हळूच म्हनले, आता चुकीची सोडवतो, बघू तुझी ताई बोलते का."