कोरडी गोधडी

सकाळी वैजूने ओंकारच्या अंगाखाली हात घालून पाहिला. सलग दुसऱ्या दिवशी गोधडी कोरडी होती. चार वर्षं तिने त्याच्या ओल्या गोधड्या धुतल्या होत्या, सासूची बोलणी खाल्ली होती, कधी वैतागून पोराच्या पाठीत धपाटाही घातला होता. आज तिने त्याचा मुका घेतला. "शहाणं झालं गं बाई माझं बाळ!" बाळाने मात्र डोळे उघडले नाहीत.

पोर उठेना म्हणून तिने त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोराचे सुजलेले पाय दाबून पाहिले आणि चालू औषध मागितलं. वैजूने पिशवीतून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. "एकही डोस चुकवला नाही, साहेब. थुंकायला लागला तर नाक दाबून पाजलं."

"लघवी कधी केली शेवटची?"

"ती खोडच मोडली बघा. दोन दिवस गोधडी कोरडी आहे," ती कौतुकाने म्हणाली.

डॉक्टरांनी बाटली उचलून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. "ताई, या औषधात विषारी रसायन निघालंय. हेच प्यायलेली तीन पोरं कालच पुढं पाठवली. लघवी थांबली म्हणजे त्याच्या किडन्या बंद पडल्यात."

नर्सने पलंगावर मेणकापड अंथरून ओंकारला निजवलं. मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी यायची होती. तोवर वैजू त्याच्या अंगाखाली तळहात सरकवून बसली. तळहात कोरडाच राहिला. ती त्याच्या कानाशी वाकली.

"मूत रे सोन्या," ती म्हणाली, "आई नाही मारणार."