कानाचा माणूस

"समोरच्याला तुमच्या डोळ्यांनी बघायला लावू नका, फसाल," असं प्रशिक्षकाने बजावलं होतं. तेव्हा तिने ते कानाआड केलं. बाबागाड्या जोडणाऱ्या कारखान्यात न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंगचं शिबिर, फिटर मंडळींच्या भाषेत 'मेंदूचं ऑइलिंग'. त्यात घरी बाळाला ताप. कुणी डोळ्यांचा माणूस असतो, कुणी कानांचा, कुणी हातांचा, ज्याची जी वाट त्या वाटेने त्याच्याकडे जा, त्याच्यासारखं उभं राहा, त्याच्या चालीत बोला, हे सगळं तिने मांडीवरच्या फोनकडे बघत ऐकलं.

आज ती तपासणीवाली म्हणून जोडणीच्या लाइनच्या टोकाशी, फोरमनसमोर टॅबलेट धरून उभी होती, आणि फसली होती.

"काका, ही रेघ बघा. ब्रेकच्या स्प्रिंगचा जोर सकाळपासून खाली खाली चाललाय."

"मर्यादेच्या आत आहे ना?"

"आत आहे, पण…"

"मग आतच राहू दे तिला, मॅडम. बाहेर ऊन आहे."

जवळचे दोघे फिटर हसले. धक्क्याला ट्रक लागला होता. माल चढला की विषय संपला. लाइन थांबवायची ती फोरमनने. तपासणीवाल्यांनी फक्त सांगायचं. ती हे दुसऱ्यांदा सांगत होती. पडद्यावरची रेघ तिला आता रेघ वाटतच नव्हती. तो उतार होता, आणि उतारावर एक गाडी, पिशवी उचलायला आईने क्षणभर हात सोडलेली.

तिने पडदा आणखी पुढे धरला. "दिसतंय का तुम्हाला?"

फोरमन बघतच नव्हता. हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून उभा होता. तसाच, मागे न वळता ओरडला, "अरे, त्या कोपऱ्यातल्या ड्रिलला तेल पाजा. रडतंय ते."

तिला काही ऐकू आलं नव्हतं. फिटर मात्र निमूट तेलाचा डबा घेऊन गेला.

आणि तिच्या एकदम ध्यानात आलं. हे तर तीही करते. नळ चालू असतो, भांडी वाजत असतात, आणि आतल्या खोलीतल्या बाळाचा श्वास बदलला की तिचा हात थांबतो.

तिने टॅबलेट बंद केला. फोरमनच्या समोरून निघून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तो जिकडे तोंड करून होता तिकडेच तोंड, हात पाठीमागे.

"घ्या," दुसरा फिटर म्हणाला, "एक होता ते कमी होतं. आता दोन फोरमन."

ती हसली नाही. मघापासून तिची जीभ लाह्या फुटाव्यात तशी चालली होती. आता फोरमन बोलतो त्या संथ चालीत म्हणाली, "काका, एक आवाज ऐकवायचाय. माझ्या कानाचा मला भरवसा नाही. तुमचा हवा."

फोरमनने पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. "कसला आवाज?"

"ते तुम्हीच सांगा."

तपासणीच्या खोलीचं दार लावल्यावर बाहेरचा गोंगाट दाराबाहेरच राहिला. आत दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, एकाच रंगाच्या.

"पाठ फिरवा, काका."

"आता हा काय लपंडाव?"

"शिबिरात शिकवलंय."

"तरीच." पण त्याने पाठ फिरवली.

तिने एका गाडीचा ब्रेक पायाने दाबला. *खट्ट.* मग दुसरीचा. *खट.*

फोरमनची मान किंचित तिरकी झाली. "परत."

तिने परत दाबला. मग उलटसुलट दाबून बघितला. दर वेळी, गाडीकडे न बघता, तो बोट वर करायचा: ही. ही नाही. ही. एकदाही चुकला नाही.

"पिन तळाला टेकत नाहीये," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "अर्ध्यात लटकतेय. कधीचा माल?"

"नीट वाजते ती कालची. ही आजची."

तो वळला. आजच्या गाडीचा ब्रेक स्वतःच्या पायाने लावला, दांडीवर दोन्ही हात टेकवून भार दिला. चाक थांबलेलं राहिलं. त्याने दांडीला एक हलका धक्का दिला, फरशीच्या खाचेतून जाताना बसावा एवढाच. पिन सुटली. गाडी आपली आपण जाऊन भिंतीला टेकली.

फोरमनने घसा खाकरला, दार उघडलं आणि बाहेर जाऊन हात वर केला.

लाइन थांबली. एवढी शांतता त्या शेडमध्ये तिने कधी ऐकली नव्हती. फोरमनच्या खिशातला फोन लगेच वाजला. वरून विचारणा होती, तीही चढ्या आवाजात. दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या तिलाही ऐकू येत होती.

"नाही साहेब, मी नाही थांबवली," फोरमन म्हणाला. "तपासणीच्या मॅडमनी थांबवली." पलीकडून काहीतरी आलं. "नाही. आकडा बरोबरच आहे. माल चुकीचा आहे. ट्रक रिकामा जाईल, जाऊ दे." मग तिच्याकडे वळून फोन छातीशी दाबत म्हणाला, "बोला हो, मॅडम. साहेब डोळ्यांचे आहेत. तुमची ती रेघ त्यांना पाठवून दाखवा."

तेलाचा डबा हातात घेऊन फिटर तिच्याकडे बघत होता. हसत नव्हता. तिने पाठ ताठ केली, टॅबलेट उघडला आणि फोन घ्यायला हात पुढे केला.

त्या दिवसाच्या मालातली एकही गाडी बाहेर गेली नाही. तरीही, तुमच्या घरात बाबागाडीत कुणी निजलेलं असेल, तर एवढं वाचून झालं की उठा आणि जाऊन या. श्वास ऐका. मग पायाने ब्रेक दाबा, आणि तोही ऐका.