पंचेचाळीस सेंटिमीटर

शर्यत इंजिनाच्या जोरावर नव्हे, तर नियमपुस्तिकेच्या अभ्यासावर जिंकली जाते, असं योगिनीचं ठाम मत होतं. त्यामुळे कॉलेजच्या रेसिंग कारचा सायलेन्सर मागच्या चाकांच्या मध्यापासून जास्तीत जास्त पंचेचाळीसऐवजी सत्तेचाळीस सेंटिमीटर भरला, तेव्हा वर्तकनगरच्या गॅरेजवर सुतकी कळा आली.

"काप ना दोन सेंटिमीटर," तिच्या टीममधला संदेश म्हणाला.

"कापला की आवाज नियमाबाहेर जातो, शहाण्या," योगिनी म्हणाली. " चाकंच मागे घेऊ."

तीन आठवडे खपून त्यांनी सगळं सस्पेन्शन नव्याने बांधलं. चाकं दोन सेंटिमीटर मागे सरकली. गाडी आता वळणावर रुसलेल्या जावयासारखी सरळ निघून जायची, पण नियमात बसत होती.

स्पर्धेत तपासनीसाने माप घेतलं. "त्रेचाळीस. दोन शिल्लक आहेत की!"

गाडी पास झाली आणि पहिल्याच वळणावर ट्रॅकबाहेर गेली.

घरी आल्यावर योगिनीने आईच्या शिलाई मशीनवरून उचललेली टेप जागेवर ठेवली.

"अगं, मापं हिने घेतलीस?" आई म्हणाली.


आईने टेपचं टोक तिच्यापुढे धरलं. "पुढचा तुकडा फाटलाय तिचा. ती दोनपासून सुरू होते."