सगळ्यात शुद्ध पाणी

माझ्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत पाळलेली एक कोळंबी कुशीवर कलंडली आणि मी बादली ओतायची थांबवली. निम्मं पाणी ओतून झालं होतं.

टाकीसाठी बाटलीबंद शुद्ध पाणी परवडत नाही, म्हणून मी जुना फिल्टर घेतला होता. थेंब थेंब ठिबकत बादली भरायला त्याला दिवस लागतो. आज बादली भरलेली दिसली, मी मीठ कालवलं आणि ओतत सुटले. फिल्टरची नळी कोरडीठाक होती, ते आत्ता दिसलं.

“आप्पा, बादली कुणी भरली?” मी वडिलांना विचारलं.

“मीच. तुझा फिल्टर बंद पडला होता गं. माझ्या हंड्यातलं पाणी ओतलं. त्याच्याहून शुद्ध घरात काय आहे?”

कोपऱ्यात त्यांचा तांब्याचा हंडा चिंचेने घासून लखलखत होता. आप्पा दुसरं पाणी तोंडाला लावत नाहीत. हंड्याचं तांबं पाण्यात उतरतं आणि ते कोळंबीला विष असतं.

मी मगाने पाणी उपसायला लागले. दुसरीही कलंडली. मी ओरडलेच, “विचारायचं तरी होतंत!”

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत ते पुटपुटले, “त्यांना कमी पडू नये, म्हणून मी सकाळपासून घोटभरही प्यायलो नाही गं.”