चातुर्मासातली इटालियन भाजी

आमच्या सासूबाई म्हणजे मंगळवार पेठेतलं चालतंबोलतं पंचांग. आषाढी एकादशीलाच त्यांनी फर्मान काढलं, "आता चातुर्मास लागला. चंपाषष्ठीपातूर ह्या घरात वांग्याचं नावबी काढायचं न्हाय!" शेजारच्या सरुबाईंच्या पिशवीत एक वांगं काय दिसलं, त्यांच्या घरचा चहासुद्धा सासूबाईंनी सोडला.

श्रावणातल्या गारठ्यात मला मात्र नेमकं वांगंच खावंसं वाटायला लागलं. शेवटी मी वांगी सोलून चकत्या केल्या, टोमॅटोच्या रसात बुडवल्या, वर चीज किसलं आणि ओव्हनमध्ये भाजून 'इटालियन भाजी' म्हणून सगळ्यांना वाढली.

"ब्येस झालीया," म्हणत सासूबाईंनी दोनदा मागून घेतली. तेवढ्यात उशिरा पानावर बसलेले आमचे हे, उदयसिंह, पहिला घास खाऊन कुस्तीच्या मैदानात ओरडावं तसे ओरडले, "आयला, हे तर वांगं हाय की!"



सासूबाईंनी रिकामं ताट परत वाढायला शांतपणे माझ्यापुढं सरकवलं आणि लेकावर डाफरल्या,

"तुला सांगितलं न्हवतं व्हय, चंपाषष्ठीपातूर नाव काढायचं न्हाय म्हणून?"