बाबांना कळलं, तरच

"अगं, पण बटण दाबलं हे पानाला कळतं कसं?" रेकॉर्डिंगच्या मध्येच बाबा विचारत. केतकी नवशिक्यांना जावास्क्रिप्टची एक लायब्ररी, म्हणजे वेबपानं बनवायचा तयार कोड, शिकवी. पोस्टातून निवृत्त झालेल्या बाबांना कळलं, तरच धडा त्यांच्या शंकांसकट यूट्यूबवर जाई.

बाबा गेल्यानंतरचा पहिला धडा कुठेही न अडता भराभर उरकला. आपल्याला अखेर शिकवता येऊ लागलं, असं तिला वाटलं.

"ताई, आजचं सगळं डोक्यावरून गेलं," एका विद्यार्थिनीने व्हिडिओखाली लिहिलं. "काका का नव्हते?"

"काका आता नाहीत," एवढंच केतकीने कितीदा तरी खोडून पुन्हा लिहिलं. स्वतःचा प्रोग्रामसुद्धा तिने कधी इतका तपासला नव्हता.

थोड्या वेळाने उत्तर आलं. "मग यापुढे धडा आधी मला दाखवा, ताई. मलाही काहीच कळत नाही."